देवांनी मागे घेतलेली जात : ‘अ‍ॅक्सेशन’ या कथाभागाविषयी

अंतराळप्रवासाच्या कल्पित कथा हा आपल्या अभ्यासमंडळांत गंभीर चर्चेचा विषय समजला जात नाही. त्या पाश्चात्त्यांच्या करमणुकीच्या वस्तू आहेत, त्यांत आपल्या प्रश्नांचे काय असणार, असा आपला सर्वसाधारण समज असतो. या कथांचा बराचसा भाग पाहता तो समज अगदीच निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एका सुप्रसिद्ध अमेरिकन मालिकेतील एका कथाभागाचा विषयच जातिव्यवस्था हा आहे. ती कशी सुटते, कशी परत येते, तिचे पुनरुज्जीवन करणारे लोक कसे असतात आणि तिचा पहिला बळी कोण ठरतो, हे सारे त्या तासाभराच्या कथेत आले आहे. अशी कलाकृती आपल्या वाचकांच्या नजरेतून सुटू नये, म्हणून हे परीक्षण.

‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेत १९६६ साली सुरू झाली. तिच्याच कल्पित विश्वात घडणारी ‘डीप स्पेस नाइन’ ही मालिका १९९३ ते १९९९ या काळात प्रसारित झाली. ‘अ‍ॅक्सेशन’ हा कथाभाग तिच्या चौथ्या पर्वातील असून तो १९९६ च्या फेब्रुवारीत प्रथम दाखविण्यात आला. लेखिका जेन एस्पेन्सन, दिग्दर्शक लेस लँडाऊ. ज्या वाचकांनी ही मालिका पाहिली नसेल, त्यांच्यासाठी पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे.

बजोर नावाच्या ग्रहावर कार्डेशियन नावाच्या परकी सत्तेने सुमारे अर्धशतक राज्य केले. लोकांनी प्रदीर्घ लढा देऊन ती सत्ता घालविली. ग्रहाजवळच्या एका अंतराळ स्थानकावर आता बजोरी लोक आणि अनेक ग्रहांचा मिळून झालेला ‘फेडरेशन’ हा संघ एकत्र कारभार पाहतात. संघाचा अधिकारी कॅप्टन बेंजामिन सिस्को हा पृथ्वीवरचा कृष्णवर्णीय मनुष्य आहे आणि ती भूमिका अ‍ॅव्हरी ब्रुक्स यांनी केली आहे. त्याची सहकारी मेजर कीरा नेरिस ही लहान वयातच मुक्तिलढ्यात उतरलेली बजोरी स्त्री आहे. स्थानकाजवळ अवकाशात एक कृमिविवर आहे. त्यात काळाच्या बंधनापलीकडचे काही जीव राहतात. बजोरी जनता त्यांना देव मानते. मूळ मालिकेत त्यांना ‘प्रॉफेट’ म्हटले आहे, आम्ही येथे ‘द्रष्टे’ म्हणू. या द्रष्ट्यांची प्रथम भेट सिस्कोला झाली, म्हणून बजोरी लोक त्याला देवांचा ‘दूत’ मानतात. सिस्को स्वतः मात्र या पदाने अवघडून गेलेला आहे. कथेच्या आरंभी एका नवविवाहित दांपत्याला आशीर्वाद देतानाही त्याचा हा संकोच दिसतो.

अशा वेळी त्या विवरातून एक जुनाट नौका बाहेर येते. तीत अकोरेम लान हा कवी असतो. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी तो नाहीसा झाला होता आणि त्याच्या कविता बजोरमध्ये आजही आदराने वाचल्या जातात. तो म्हणतो, द्रष्ट्यांनी मला वाचविले, तेव्हा खरा दूत मी. सिस्को सुटकेचा निःश्वास टाकून पद सोडतो. अकोरेम पहिल्याच जाहीर भाषणात लोकांना ‘डिजारा’कडे परत फिरण्याचे आवाहन करतो. डिजारा म्हणजे जात. कोणत्या कुळाने कोणता व्यवसाय करावा आणि कोणाचा दर्जा कोणाच्या वर असावा, हे ठरवून देणारी ती प्राचीन व्यवस्था. परकी सत्तेच्या काळात सर्वांनाच शस्त्र हाती घ्यावे लागले, म्हणून ती मागे पडली होती. आता परके गेले आहेत, तेव्हा आपण आपल्या मूळ मार्गावर यावे, असे त्याचे म्हणणे.

या अकोरेमचे व्यक्तिचित्र हे या कथेचे पहिले यश होय. रिचर्ड लिबर्टिनी या नटाने त्याला कोठेही खलपुरुष होऊ दिलेले नाही. तो मृदुभाषी आहे, वृद्ध आहे, रसिक आहे. घर हरवलेल्या माणसाची कणव प्रेक्षकाला त्याच्याविषयी वाटत राहते. समाज पुन्हा एकसंध व्हावा, जखमा भरून याव्यात, अशी त्याची प्रामाणिक इच्छा आहे. जातीचा पुरस्कार करणारा मनुष्य उग्र, दुष्ट व क्रूर दाखविणे लेखिकेला सोपे होते आणि अशा कथांत तसेच बहुधा केले जाते. तिने तो मोह टाळला. जातीचे समर्थन आपण ज्यांच्या तोंडून ऐकत आलो, त्यांतील कितीतरी लोक असेच सौम्य, सुसंस्कृत आणि आपल्या हिताची भाषा बोलणारे होते. १९३६ साली ‘हरिजन’ पत्रातून वंशपरंपरागत व्यवसायाची महती सांगणारे महात्माजीही काही कठोर भाषेत बोलत नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना दिलेले उत्तर आपल्या वाचकांस ठाऊक आहे. वाण्याच्या कुळात जन्मलेल्या महात्माजींनी स्वतः तागडी हाती न धरता वकिली का पत्करली, असा तो सरळ प्रश्न होता. अकोरेमला असा प्रश्न विचारणारे या कथेत कोणी नाही. तो कवी आहे. प्रेताला हात लावण्याचे काम त्याच्या वाट्याला येणार नाही, एवढे तरी कोणी त्याला ऐकवावयास हवे होते.

दुसरे यश कीराच्या चित्रणात आहे. ती कोणाच्या धाकाला भिणारी नाही. परकी सत्तेविरुद्ध तिने बंदूक चालविली आहे, आणि सिस्कोसारख्या वरिष्ठाशीही ती प्रसंगी भांडली आहे. परंतु तिच्या कुळाची जात कलावंताची निघते आणि ही शूर स्त्री मुकाट्याने मातीचा गोळा घेऊन पक्षी घडवावयास बसते. तिला तो साधत नाही. ती वेडावाकडा पक्षी घडविते, मोडते, पुन्हा बसते. हे काम आपले नव्हे हे तिच्या हातांना कळते, परंतु तिचे मन ते मान्य करीत नाही. ती स्थानकावरील पद सोडण्याची तयारी करते. या प्रसंगी कोणीही तिच्यावर सक्ती केलेली नाही. सैनिक आलेले नाहीत, कायदा झालेला नाही. दूताने सांगितले आणि दूताला देवांनी पाठविले, एवढे तिला पुरे आहे.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले आणि परिषदच रद्द झाल्यामुळे जे कधी झाले नाही, त्याच्या गाभ्याशी नेमका हाच विचार आहे. लोक जात पाळतात ते दुष्टपणाने नव्हे. ते धर्मनिष्ठ असतात, म्हणून पाळतात. तेव्हा दोष पाळणाऱ्यांत शोधून भागणार नाही, ज्या धर्माज्ञेने जातीला पावित्र्य दिले तिच्यावरच घाव घातला पाहिजे. कीराच्या त्या मातीच्या पक्ष्याकडे पाहताना हे विवेचन आम्हांस वारंवार आठवत राहिले. अमेरिकेतील लेखिकेने ते वाचले होते की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. निरीक्षण सूक्ष्म असेल तर ते त्याच ठिकाणी येऊन पोहोचते.

स्थानकाचा सुरक्षाप्रमुख ओडो हा परक्या वंशाचा आहे, श्रद्धाळू नाही. तो कीराला विचारतो की, काल तू सिस्कोला देवांचा दूत मानत होतीस, आज या कवीला मानतेस, मग कालची श्रद्धा खोटी होती काय? कीराचे उत्तर असे की, श्रद्धा ज्याला नाही त्याला ती समजत नाही, आणि ज्याला आहे त्याला स्पष्टीकरण लागत नाही. संवाद चमकदार आहे आणि मालिकेच्या चाहत्यांत तो प्रिय आहे. आम्हांस मात्र तो कथेतील सर्वांत धोकादायक संवाद वाटतो, कारण लेखिकेने तो खोडून काढलेला नाही. केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी नेमके याच्या उलट सांगितले होते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका. ते कोणाच्या हिताचे व कोणाच्या अहिताचे आहे, हे स्वतः पारखून घ्या. कीराने ही कसोटी क्षणभर जरी लावली असती, तरी अकोरेमचे आवाहन त्याच सायंकाळी निष्प्रभ झाले असते. परंतु मग कथाही उरली नसती, हेही खरे.

तिसरी गोष्ट लहान आहे, पण लेखिकेची नजर तीत दिसते. आवाहनानंतर काही दिवसांतच खालच्या जातीचा एक मनुष्य कीरासाठी आपली जागा सोडतो. ती ओशाळते, पण तो सहजपणे तसे करतो. म्हणजे अर्धशतक जात पाळली गेली नव्हती, तरी प्रत्येकाला स्वतःची जात पाठ होती, आणि आपण कोणाच्या खाली येतो तेही पाठ होते. युद्धाच्या निकडीने जात पेटीत घालून ठेवली गेली होती, जाळली गेली नव्हती. आपत्काळात एका पंगतीला बसलेले लोक आपत्ती सरताच पुन्हा पंक्तिभेद करू लागतात, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. या बजोरी लोकांच्या चेहऱ्यामोहऱ्यावरून त्यांची जात ओळखता येत नाही, ती कुळावरूनच कळते. १९६९ सालच्या मूळ मालिकेतील ‘लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड’ या कथाभागात एकमेकांचा द्वेष करणाऱ्या दोघांचे चेहरे अर्धे काळे व अर्धे पांढरे रंगविलेले होते. एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी. वर्णद्वेषावरचे ते भाष्य ढोबळ असले तरी अमेरिकन प्रेक्षकाला लगेच कळणारे होते. जात ही तशी रंगविता येत नाही. वासेट्ठ सुत्तात तथागतांनी वनस्पती, कीटक, पशू व पक्षी यांच्या भिन्न जाती देहावरच्या खुणांनी कळतात, मनुष्यांत मात्र जन्माची अशी खूण कोठेच आढळत नाही, हे अवयवागणिक दाखवून दिले आहे. ‘अ‍ॅक्सेशन’ने हे बिनखुणेचे वर्चस्व पडद्यावर आणले, ही त्याची जमेची बाजू मानली पाहिजे.

आता आपण कथेच्या मर्मस्थानी येतो. बजोरी धर्मसंघातील उपाध्यायांना ‘वेदेक’ म्हणतात. स्थानकावरील पोर्टा नावाचा वृद्ध वेदेक अकोरेमचा पहिला पुरस्कर्ता आहे. एके दिवशी संघातीलच दुसरा एक वेदेक वरच्या सज्जावरून खाली पडून मृत्युमुखी पडतो. पोर्टानेच त्याला ढकललेले असते. कारण एवढेच की, मृताचे कूळ प्रेतांची अंत्यव्यवस्था पाहणारे, म्हणून अशुद्ध मानलेले होते. पोर्टाने त्याला चीवर उतरविण्यास सांगितले आणि त्याने नकार दिला.

हा प्रसंग संघाच्या आत घडविला, यात लेखिकेची खरी समज आहे. जात परत आली ती प्रथम कोठे शिरली? बाजारात नव्हे, शेतात नव्हे, जेथे सर्वांनी घरदार सोडून एकच वस्त्र पत्करले आहे तेथे. बौद्ध वाचकाला हे चित्र पाहून थांबावेच लागेल. चुल्लवग्गात उपालीची हकिकत आहे. अनुपिय येथे भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आदी कुमार प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचा न्हावी उपाली होता. कुमारांनी तथागतांना विनंती केली की, आमच्या आधी याला प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यकुळाचा अभिमान गळून पडेल. त्याप्रमाणे उपाली ज्येष्ठ झाला. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन त्यानेच केले. पोर्टाच्या संघात अशुद्ध कुळातील वेदेकाला वस्त्र उतरवावयास सांगितले जाते, आणि शाक्यमुनींच्या संघात न्हाव्याला राजकुमारांच्या पुढे बसविले जाते. दोन्ही संघ चीवरधाऱ्यांचेच.

परंतु हा विरोध मांडून आपण समाधानाने पुढे जाऊ नये. श्रीलंकेत १७५३ साली सयामहून आलेल्या स्थविरांनी लुप्त झालेली उपसंपदा पुन्हा सुरू करून दिली. त्या प्रमुख स्थविरांचे नावही उपालीच होते. त्यांच्यापासून निघालेल्या सियाम निकायाने थोड्याच काळात उपसंपदेचा अधिकार गोयिगम या वरिष्ठ जातीपुरता मर्यादित केला. सलागम या जातीतील श्रामणेरांना उपसंपदेसाठी समुद्र ओलांडून ब्रह्मदेशातील अमरपूर गाठावे लागले, आणि तेथून परतल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमरपूर निकाय उभा राहिला. म्हणजे ज्या नावाच्या न्हाव्याला संघात प्रथम बसविले गेले, त्याच नावाच्या स्थविरांच्या परंपरेत जातीची विचारणा सुरू झाली. बुद्धवचन पाठ असलेल्या संघातही हे घडू शकते. तेव्हा पोर्टा हा कोणा परक्या ग्रहावरचा माथेफिरू आहे, असे समजून त्याच्याकडे पाहणे आपल्या सोयीचे असले तरी खरे नाही.

हत्येनंतर कथा कोठे जाते, ते आता पाहू. येथूनच आमचा या कलाकृतीशी मतभेद सुरू होतो.

मृत वेदेकाचे प्रेत आपल्याला दिसते. त्याचे बोलणे, त्याचा नकार, त्या नकारामागील त्याचे मन मात्र दिसत नाही. त्याने वस्त्र का उतरविले नाही? स्वतःच्या कुळाविषयी त्याला काय वाटत होते? पोर्टाशी त्याचे झालेले बोलणे कसे होते? या साऱ्या कथेत धर्माज्ञेला ‘नाही’ म्हणणारा तो एकमेव बजोरी मनुष्य आहे. कीरा म्हणू शकली नाही, सामान्य जन म्हणू शकले नाहीत, त्याने म्हटले आणि प्राण दिले. खरा नायक तोच होता. लेखिकेने त्याचा नकार पडद्यामागे ठेवला आणि मारेकऱ्याच्या तोंडून आपल्याला ऐकविला. शोषिताचे वर्तमान शोषकाकडून कळावे, ही आपल्या वाङ्मयाची जुनी खोड आहे. ती येथेही आढळावी, याचे आम्हांस दुःख वाटते. त्याच्या मृत्यूचे कथेतील काम एवढेच की, त्याने सिस्को जागा होतो.

सिस्को जागा होतो म्हणजे काय करतो? संघराज्याच्या घटनेत जातीवर आधारलेल्या भेदभावाला मज्जाव आहे. बजोरने डिजारा स्वीकारल्यास त्याचा सदस्यत्वाचा अर्ज फेटाळला जाईल, असे वरिष्ठांनी त्याला आधीच बजावले आहे. घटनेच्या या तरतुदीला कथेत फारच थोडी जागा मिळाली आहे. सिस्कोच्या कामगिरीपुढील अडचण म्हणूनच ती येते, जातिग्रस्तांच्या हाती पडू शकणारे शस्त्र म्हणून येत नाही. भारतीय राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, त्या तरतुदीमागे कोणाचे आयुष्य उभे होते, हे ज्यांना माहीत आहे, त्यांना ही उणीव अधिक जाणवेल. योगायोग असा की, हा कथाभाग दाखविला गेला त्याच १९९६ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने भारताच्या अहवालाचा विचार करताना, अनुसूचित जातींचा प्रश्न वंशभेदविरोधी कराराच्या कक्षेत येतो, असे मत नोंदविले. अमेरिकेत जातिभेदाला कायद्याने बंदी करणारे पहिले शहर सिअ‍ॅटल ठरले, ते २०२३ च्या फेब्रुवारीत. कथेतील संघराज्य या बाबतीत ती लिहिणाऱ्या देशाच्या सत्तावीस वर्षे पुढे होते. पण त्यातील सरदारांना तो मुद्दा कामकाजाच्या बैठकीपलीकडचा वाटला नाही.

सिस्को अकोरेमला घेऊन विवरात जातो, निवाडा द्रष्ट्यांनी द्यावा म्हणून. द्रष्टे सांगतात की, सिस्को हाच आमचा. या कवीला आम्ही पाठविले ते सिस्कोसाठी, सिस्कोला आपले पद कळावे म्हणून. काळाच्या बंधनात राहणाऱ्या माणसांच्या बाबतीत जे होऊन गेले ते पुन्हा होऊ शकत नाही, हे आम्ही सिस्कोपासूनच शिकलो, असाही त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. हे वाक्य विचारप्रवर्तक आहे. देव मनुष्याकडून शिकतात, ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही. पिटकात ब्रह्मा सहम्पती हात जोडून तथागतांकडे येतो, हे आपण वाचतोच. परंतु कथा त्या वाक्यापाशी थांबत नाही. अकोरेमची स्मृती पुसली जाते आणि त्याला त्याच्या काळात परत पाठविले जाते. इकडे सिस्को पुन्हा दूत होतो, आणि नव्या दूताबरोबर आलेली डिजारा जुन्या दूताबरोबर निघून जाते.

येथे आमचा आक्षेप स्पष्ट शब्दांत मांडणे आवश्यक आहे. जात आली ती आज्ञेने, आणि गेली तीही आज्ञेनेच. मधल्या काळात एकाही माणसाचे मत बदलले नाही. अकोरेमचे बदलले नाही, कारण त्याला काही आठवतच नाही. तो आपल्या काळात जाऊन त्याच व्यवस्थेत सुखाने कविता लिहील. पोर्टाचे बदलले किंवा नाही, याची कथेला पर्वा नाही. कीराचेही बदलले नाही. तिला जात चुकीची आहे हे पटले म्हणून ती पदावर परतली नाही, दूत बदलला म्हणून परतली. उद्या द्रष्ट्यांच्या मनात वेगळे आले, किंवा आले आहे असे एखाद्या गोड बोलणाऱ्याने सांगितले, तर हीच कीरा पुन्हा मातीचा गोळा घेऊन बसेल. ज्या श्रद्धेच्या दारातून जात आत आली, ते दार कथेच्या शेवटी सताड उघडेच राहिले आहे. किंबहुना, जात गेली ती त्याच दारातून गेल्याने ते अधिकच पवित्र झाले.

कोणी म्हणेल, ही सिस्कोची कथा आहे. आपल्यावर लोकांनी लादलेले पद नाकारणारा मनुष्य ते स्वीकारण्यापर्यंत कसा येतो, हे तिचे सूत्र आहे आणि त्या सूत्राला ती प्रामाणिक राहिली. हा युक्तिवाद आम्ही नाकारीत नाही. शेवटी एक मुलगी आपल्या समारंभासाठी सिस्कोचा आशीर्वाद मागते आणि तो प्रसन्नपणे देतो, तेव्हा आरंभीच्या संकोचाचे वर्तुळ पूर्ण होते. ब्रुक्स यांनी हे स्थित्यंतर अतिशय संयमाने दाखविले आहे. परंतु जातीसारखा विषय हाती घेऊन तो एका नायकाच्या मनःशांतीचे साधन म्हणून वापरावा, यालाच आमची हरकत आहे. मनुष्याचा खून झाला तो नायकाला स्वतःचे पद कळावे म्हणून, असा हिशेब द्रष्ट्यांनी मांडला, आणि कथेतील कोणीही त्यांना त्याचा जाब विचारला नाही.

आणखी एक मोठी उणीव आहे. डिजारा हा व्यवसाय आणि दर्जा आहे, एवढेच कथा सांगते. विवाहाचा प्रश्न ती काढीत नाही. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात दाखविले होते. व्यवसाय बदलूनही जात टिकते, रोटीव्यवहार होऊनही टिकते, बेटीव्यवहाराच्या कुंपणाने मात्र ती पिढ्यानुपिढ्या जिवंत राहते. ज्या कथेची सुरुवातच नवविवाहितांच्या आशीर्वादाने होते, तीत त्या वधूवरांची डिजारा कोणती, असा प्रश्न कोणाला पडू नये, हे आश्चर्य आहे. याच पर्वात कीराचे शकार या माणसावर प्रेम जडलेले दाखविले आहे. लढा संपल्यावर तो शेती करीत होता. कलावंताच्या कुळातील स्त्रीने कोणाशी संसार मांडावा, हे डिजारा सांगते की नाही? एवढा एक प्रश्न आला असता, तर प्रेक्षकाला जात म्हणजे केवळ ‘ज्याचे त्याचे काम’ नव्हे, हे कळून चुकले असते. बाबासाहेबांनी जातीला श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी म्हटले. कीरा आणि तो जागा सोडणारा मनुष्य यांच्या प्रसंगात त्याची झलक दिसते, पुढे ती विरते.

लेखिकेची किंवा मालिकेची कुवत नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. याच मालिकेतील ‘फार बियाँड द स्टार्स’ हा कथाभाग दोन वर्षांनी, १९९८ च्या फेब्रुवारीत आला. त्याचे दिग्दर्शन स्वतः ब्रुक्स यांनी केले. त्यात १९५३ सालच्या न्यूयॉर्कमधील बेनी रसेल हा कृष्णवर्णीय लेखक एका अंतराळ स्थानकाच्या कृष्णवर्णीय प्रमुखाची कथा लिहितो. मासिकाचा मालक तो अंकच नष्ट करवितो आणि बेनीला नोकरीवरून काढतो. बेनी कोसळतो, पण कोसळताना बोलतो. तुम्ही कथा नाकारू शकता, पण तिची कल्पना माझ्या मनात आहे आणि ती खरी आहे, असे तो रडत, ओरडत सांगतो. तेथे पीडिताच्या वतीने देव बोलत नाहीत, नायक बोलत नाही. पीडितच बोलतो, आणि त्याचे बोलणे हाच कथेचा कळस होतो. वर्णभेदाच्या बाबतीत जे या निर्मात्यांना साधले, ते जातीच्या बाबतीत साधले नाही. वर्णभेद त्यांच्या अंगणातला होता, बोलणारे लोक त्यांच्यातच होते. जात त्यांना पुस्तकातून माहीत असावी, आणि त्या पुस्तकांत सज्जावरून पडलेल्या माणसाचे बोलणे कोणी नोंदवून ठेवले नसावे.

‘अ‍ॅक्सेशन’मध्ये अभियंता ओब्रायन, त्याची परतलेली पत्नी आणि डॉक्टर मित्र यांचे एक हलकेफुलके उपकथानक आहे. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. अकोरेमची एक कविता अपुरी राहिली होती. त्याला परत पाठविल्यानंतर ती पूर्ण झालेली आढळते, आणि ती अपुरी होती असे आपल्याला कसे आठवते, म्हणून कीरा चकित होते. ही कल्पना काव्यमय आहे. कवीच्या अपुऱ्या राहिलेल्या कवितेची भरपाई झाली, वेदेकाच्या अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याचा उल्लेख मात्र तेथे येत नाही.

आमच्या अभ्यासमंडळांनी हे दोन्ही कथाभाग एका बैठकीत दाखवावेत आणि आस्सलायन व वासेट्ठ ही दोन सुत्ते त्याच दिवशी वाचावीत, अशी आमची सूचना आहे. क्रम मात्र उलटा ठेवावा. १९९८ चा कथाभाग आधी पाहावा आणि १९९६ चा नंतर, म्हणजे सज्जाचे दृश्य येईल तेव्हा तरुण प्रेक्षक पोर्टाचा कबुलीजबाब ऐकत बसणार नाहीत, त्या खाली पडलेल्या माणसाने नेमके काय म्हटले असेल ते विचारू लागतील.